पाच वर्षांपुढील मादी सशाची नसबंदी : निर्णय कसा घ्यावा

घरात मोकळा राहणारा आणि मुख्यतः गवतावर वाढलेला ससा आठ ते दहा वर्षे जगू शकतो, हे पहिल्यांदा ससा आणणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. पिलू विकताना दुकानात कोणी तसे सांगत नाही, आणि नसबंदीचा विषय तर निघतच नाही. त्यामुळे नसबंदीसाठी सोयीचे वय, म्हणजे साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे, हातातून निघून जाते. मादी पाच-सहा वर्षांची झाल्यावर कोणीतरी गर्भाशयाच्या कर्करोगाविषयी सांगते आणि घरात घबराट होते. आमच्याकडे जाई आली तीच मुळी पाच वर्षांची होऊन. सिडकोतील एक कुटुंब बदलीमुळे नाशिक सोडून निघाले होते आणि तिला सोबत नेणे त्यांना शक्य नव्हते. "या वयात त्या मुक्या जिवाची चिरफाड कशाला?" असे आईचे म्हणणे होते, आणि ते मला आजही अगदीच चुकीचे वाटत नाही. पुढच्या दोन महिन्यांत जे शिकावे लागले ते येथे क्रमाने देत आहे. माझे मत आरंभीच सांगते: केवळ वयाचा आकडा पाहून होकार किंवा नकार ठरवू नये, पण प्रश्न लोंबकळतही ठेवू नये, कारण शस्त्रक्रियेचा धोका आणि ती न करण्याचा धोका, दोन्ही वर्षागणिक वाढत जातात.

पहिली पायरी : मादीच आहे ना, हे तपासून घ्या

हे वाचून आश्चर्य वाटेल, पण दुकानात मादी म्हणून दिलेला ससा नर निघणे आणि नर म्हणून दिलेली मादी निघणे, या दोन्ही गोष्टी वरचेवर घडतात. पहिल्याच भेटीत पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी. नर असेल तर शस्त्रक्रिया पोट न उघडता होते, तिचा ताण कमी असतो, आणि वयस्क नरामध्ये वृषणाला सूज किंवा गाठ नसेल तर घाई करण्याचे कारणही सहसा नसते. पुढील सर्व विवेचन मादीविषयी आहे.

दुसरी पायरी : धोका कोणता आहे, हे समजून घ्या

मादी सशामध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ ही गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची असते. चार वर्षांवरील माद्यांमध्ये याचे प्रमाण पन्नास ते ऐंशी टक्के असल्याचे आकडे वारंवार सांगितले जातात. ते प्रजननासाठी ठेवलेल्या विशिष्ट वंशांच्या सशांवरील जुन्या अभ्यासांतून आलेले आहेत, त्यामुळे आपल्या घरच्या सशाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण वयाबरोबर धोका चढत जातो, याविषयी दुमत नाही. हा कर्करोग प्रथम गर्भाशयातच हळूहळू वाढतो आणि साधारण एक ते दोन वर्षांत रक्तावाटे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. म्हणजे गाठ तयार होणे आणि ती पसरणे यांमध्ये बहुधा काही काळ मिळतो, आणि त्या काळात गर्भाशय काढले तर मादी पूर्ण बरी होऊ शकते. वयस्क मादीच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार करण्यामागचे खरे कारण हे आहे. कर्करोगाखेरीज गर्भाशयाचे अस्तर जाड होणे, त्यात पाणी किंवा पू साठणे, आणि तेथील फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून अधूनमधून रक्तस्राव होणे, हेही विकार वयाबरोबर येतात. दोन किलोच्या सशाच्या अंगात जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर रक्त असते, हे लक्षात घेतले म्हणजे असा रक्तस्राव किती गंभीर आहे ते कळते.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या प्राण्यांची मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात आठ हजारांहून अधिक ससे होते. भूल किंवा गुंगीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के, तर सशांमध्ये १.३९ टक्के आढळले. मला यातील पुढचा तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो: निरोगी सशांमध्ये हे प्रमाण ०.७३ टक्के होते आणि आजारी सशांमध्ये ७.३७ टक्के. म्हणजे आजारी सशाचा धोका निरोगी सशाच्या दहापट. "काही झाले तर पाहू" असे म्हणून थांबणारा माणूस नकळत आपल्या सशाला पहिल्या गटातून दुसऱ्या गटात ढकलत असतो. त्या पाहणीतील सशांचे बहुतांश मृत्यू शस्त्रक्रिया चालू असताना नव्हे, तर ती संपल्यानंतर झाले होते, आणि म्हणूनच हा लेख नंतरच्या शुश्रूषेवर अधिक थांबणार आहे.

तिसरी पायरी : घरी नीट पाहा

मादी सशाला मासिक पाळी नसते. संभोग झाल्यावरच तिचे बीज सुटते. त्यामुळे तिच्या योनीमार्गातून आलेले रक्त कधीही स्वाभाविक नसते. मात्र लाल दिसणारे प्रत्येक मूत्र हे रक्त नसते. काही भाज्यांतील रंगद्रव्यांमुळे सशाचे मूत्र केशरी, तांबूस किंवा अगदी विटकरी होते, आणि कॅल्शियममुळे ते गढूळ पांढरटही असते. फरक ओळखण्यासाठी पिंजऱ्यात किंवा तिच्या ठरलेल्या जागी काही दिवस जुना पांढरा टॉवेल अंथरावा. रंगद्रव्य असेल तर संपूर्ण डाग एकसारखा दिसतो. गर्भाशयातून आलेले रक्त बहुधा मूत्राच्या शेवटी, वेगळ्या थेंबांच्या किंवा गुठळ्यांच्या रूपात पडते. शंका राहिली तर मूत्र तपासण्याच्या पट्टीवर डॉक्टर काही मिनिटांत सांगू शकतात.

याशिवाय पोटाखालून हात फिरवून स्तनाग्रांजवळ गाठ किंवा फुगवटा लागतो का, वजन उतरत आहे का, पोट मात्र वाढते आहे का, आणि शांत असलेली मादी अचानक चावरी झाली आहे का, हे पाहावे. मादीने स्वतःचे केस उपटून घरटे करणे हे खोट्या गर्भारपणाचे लक्षण असते. माझ्या मते, वयस्क मादीच्या बाबतीत केवळ अशा वागणुकीसाठी शस्त्रक्रिया करू नये. पण हे वारंवार घडत असेल तर गर्भाशयाची तपासणी जरूर करून घ्यावी.

चौथी पायरी : सशांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधा

निर्णय बहुधा या पायरीवर ठरतो. नाशिकमधील पशुवैद्यकांचे बरेचसे काम कुत्री, मांजरे आणि गाई-म्हशींचे असते, आणि कुत्र्याची उत्तम शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांना सशाचा सराव असेलच असे नाही. सशाचे गर्भाशय दुहेरी असते, त्याला दोन वेगळी मुखे असतात, त्याच्या पडद्यात वयस्क मादीच्या बाबतीत भरपूर चरबी साठलेली असते, आणि उती इतक्या नाजूक असतात की जरा ओढ बसली तरी फाटतात. म्हणून संकोच न करता विचारावे: गेल्या वर्षभरात आपण किती माद्यांची ही शस्त्रक्रिया केली, त्यांपैकी चार वर्षांवरील किती होत्या, भूल देताना प्राणवायू आणि नाडी मोजण्याचे यंत्र असते का, शरीर ऊबदार ठेवण्याची सोय काय आहे, वेदनाशामक किती दिवस देता, आणि रात्री काही झाले तर फोन कोण उचलेल.

एक प्रश्न मात्र कसोटीचा आहे: "आदल्या रात्री उपाशी ठेवायचे का?" ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजराप्रमाणे त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याचे कारण नसते, उलट त्याचे आतडे सतत चालू राहणे आवश्यक असते. भूल देण्यापूर्वी तोंडात घास उरू नये म्हणून फार तर तास-दोन तास खाणे थांबवतात. आम्ही ज्या पहिल्या दवाखान्यात गेलो तेथे "रात्री आठनंतर पाणीसुद्धा देऊ नका" असे सांगण्यात आले. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो आणि तेथे परत गेलो नाही. तुम्हालाही असे उत्तर मिळाले तर दुसरा डॉक्टर पाहावा. प्रतिजैविकांचेही तसेच आहे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी औषधे सशाला तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन जिवावर बेतू शकते. लिहून दिलेल्या औषधाचे नाव वाचून मगच ते घ्यावे.

शहरात समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर मुंबई किंवा पुणे हे पर्याय उरतात. परळ येथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे, आणि दोन्ही शहरांत लहान प्राण्यांवर काम करणारे खासगी तज्ज्ञही आहेत. परंतु प्रवासाचा ताण हिशेबात धरावा. शस्त्रक्रियेच्या दिवशीच पहाटे निघून कसारा घाट उतरायचा आणि संध्याकाळी टाके घातलेल्या सशाला घेऊन परतायचे, हे मला योग्य वाटत नाही. आदल्या दिवशी जाऊन नंतर दोन रात्री तेथेच नातेवाइकांकडे राहता येत असेल तरच बाहेरगावचा विचार करावा.

पाचवी पायरी : तपासण्या

वयस्क मादीला तपासण्यांशिवाय भूल देण्यास संमती देऊ नये. रक्ततपासणीतून पंडुरोग, मूत्रपिंड आणि यकृत यांची स्थिती कळते. पोटाच्या सोनोग्राफीत गर्भाशयाची जाडी, पाणी किंवा गाठ दिसते. आणि छातीचा एक्स-रे कधीही टाळू नये, कारण कर्करोग फुप्फुसांत पोहोचलेला असेल तर गर्भाशय काढून उपयोग होत नाही आणि ससा मात्र विनाकारण मोठ्या शस्त्रक्रियेतून जातो. दाताचे विकार, नाकातून स्राव किंवा श्वासाची घरघर असेल तर आधी त्यावर उपचार करावेत. सशाची छाती पोटाच्या मानाने फार लहान असते. फुप्फुसांचा जुनाट आजार असलेला ससा भुलेखाली लवकर संकटात येतो.

वजनाविषयी थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण फ्लॅटमध्ये वाढलेल्या आणि दाणेदार खाद्यावर पोसलेल्या माद्या बहुधा स्थूल असतात. चरबीमुळे शस्त्रक्रिया लांबते, आणि स्थूल ससा नंतर खाईनासा झाला तर त्याच्या यकृतावर झपाट्याने चरबी चढते. आजाराचे लक्षण नसेल तर सहा ते आठ आठवडे थांबून वजन उतरवावे. उपाशी मात्र ठेवू नये. दाणेदार खाद्य आणि फळे हळूहळू कमी करून वाळलेले गवत आणि हरळी हवी तेवढी द्यावी. द्राक्षांचा गाव म्हणून आपल्याकडे सशाला द्राक्षे हौसेने घातली जातात. ती साखर आहे, बंद करावीत. लसूणघास पौष्टिक असला तरी त्यात कॅल्शियम आणि प्रथिने जास्त असल्याने वयस्क सशाला तो रोज देऊ नये. आणि मखमलाबाद, गिरणारे, ओझर अशा भागांतून द्राक्षबागेच्या बांधावरचे गवत कापून आणू नये, कारण बागांवर वारंवार औषधफवारणी होते.

सहावी पायरी : निर्णय

तपासण्या हातात आल्यावर मी पुढीलप्रमाणे विचार करीन. मादी चार ते सहा वर्षांची आहे, अहवाल चांगले आहेत आणि अनुभवी डॉक्टर उपलब्ध आहे, तर लक्षण नसतानाही शस्त्रक्रिया करावी. मूत्रात रक्त आहे किंवा सोनोग्राफीत गर्भाशय बिघडलेले दिसते आहे, पण छाती स्वच्छ आहे, तर सात-आठ वर्षांच्या मादीचीही करावी, आणि ती लांबवू नये. छातीत गाठी दिसत असतील तर करू नये. वेदना कमी ठेवून उरलेले दिवस सुखाचे करावेत. मादी सात वर्षांपुढची आहे, लक्षण काहीच नाही, आणि मूत्रपिंडाचा किंवा श्वासाचा त्रास आहे, तर मी शस्त्रक्रियेऐवजी नियमित तपासणीचा मार्ग धरीन. आणि मादी कितीही निरोगी असली तरी अनुभवी डॉक्टर मिळत नसेल, तर लक्षण नसताना अननुभवी हातात तिला देऊ नये. वयस्क मादीच्या बाबतीत केवळ बीजकोश काढून थांबू नये, गर्भाशयही काढावे, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे.

जाईचे अहवाल चांगले होते. साडेपाचव्या वर्षी तिची शस्त्रक्रिया झाली. गर्भाशय जाड झालेले आणि पाण्याच्या पुटकुळ्यांनी भरलेले निघाले, पण प्रयोगशाळेच्या अहवालात कर्करोग नव्हता. काढलेला अवयव प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च अवश्य करावा. कर्करोग निघाला तर पुढील एक-दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढावा लागतो, आणि तो निघाला नाही तर मनावरचे ओझे उतरते.

सातवी पायरी : दिवस निवडणे आणि तयारी

लक्षण नसलेल्या मादीची शस्त्रक्रिया नाशिकमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करणे मला सर्वांत सोयीचे वाटते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे जातो आणि सशाला तिशीच्या आसपासचे तापमानच सोसत नाही; पावसाळ्यात माश्या जखमेवर आणि ओल्या केसांवर अंडी घालतात. हिवाळ्यातही दोन गोष्टी पाहाव्यात. दिवाळीतील फटाक्यांच्या रात्री टाळाव्यात, आणि जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांखाली येते तेव्हा खोली उबदार ठेवता येईल का, याचा विचार करावा. घरातील एक तरी माणूस सलग तीन दिवस कामावर जाणार नाही, अशी तारीख घ्यावी.

घरी एक स्वयंपाकघरातील वजनकाटा, सुई नसलेल्या काही सिरिंज, भिजवून मऊ करण्यासाठी तिचे नेहमीचे दाणेदार खाद्य किंवा आजारी सशांसाठी मिळणारी गवताची पूड, स्वच्छ टॉवेल आणि गरम पाण्याची पिशवी तयार ठेवावी. लाकडाचा भुसा काढून टाकावा, तो टाक्यांना चिकटतो. सिरिंजमधून खाणे घेण्याची सवय आधीच्या आठवड्यात लावली तर नंतर झटापट होत नाही; हा सल्ला आम्हाला फार उपयोगी पडला. तिचा जोडीदार ससा असेल तर त्याला दवाखान्यात सोबत न्यावे, म्हणजे परतल्यावर वासामुळे भांडण होत नाही. मात्र तो नसबंदी न झालेला नर असेल तर जखम भरेपर्यंत त्याला वेगळे ठेवावे.

आठवी पायरी : शस्त्रक्रियेनंतरचे तीन दिवस

दवाखान्यातून निघण्यापूर्वी ती पूर्ण शुद्धीवर आली आहे, कान गार नाहीत आणि शक्यतो तिने एखादी कोथिंबिरीची काडी तरी तोंडात घेतली आहे, हे पाहावे. घरी आल्यावर जमिनीवरच, शांत आणि अंधूक कोपऱ्यात तिला ठेवावे. उंच जागी चढू देऊ नये. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा तिला दूर सरकता येते.

यानंतर दोनच गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचे: ती खाते का आणि लेंड्या टाकते का. ताजी कोथिंबीर, मेथी, हरळी जवळ ठेवावी. वासाने भूक चाळवते. त्याच रात्री तिने स्वतःहून काही खाल्ले नाही, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात सिरिंजमधून पातळ खाद्य द्यावे. ते तोंडाच्या कडेने, अगदी थोडे थोडे, तिला गिळायला वेळ देत भरवावे. घाईने दिलेले खाद्य श्वासनलिकेत जाऊ शकते. घरी आल्यापासून बारा तासांत एकही लेंडी पडली नाही, तर सकाळ होण्याची वाट न पाहता फोन करावा. सुरुवातीच्या लेंड्या लहान आणि वेड्यावाकड्या असतील, त्याने घाबरू नये.

ससा वेदना लपवतो. तो ओरडत नाही, कण्हत नाही. पाठ वर काढून, डोळे अर्धवट मिटून एका जागी बसतो, दात करकर वाजवतो किंवा पोट जमिनीला दाबून धरतो. असे दिसले तर "विश्रांती घेत असेल" असे समजू नये. मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक सांगितलेले सर्व दिवस द्यावे; मात्र माणसांच्या औषधपेटीतील गोळी मनाने देऊ नये. वेदना असेल तर ससा खात नाही, आणि खाल्ले नाही तर आतडे थांबते. जाई पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंत कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. आईच तिच्याजवळ बसून होती. पहाटे तिने मेथीचे एक पान ओढून घेतले तेव्हा आईने आम्हाला सर्वांना उठवले.

टाके दिवसातून दोनदा पाहावेत. किंचित सूज चालते. ओल, दुर्गंधी किंवा उघडलेली कड चालत नाही. रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवावे. दहा-बारा दिवस तिला अंघोळ घालू नये, आणि तसे पाहिले तर सशाला अंघोळ कधीच घालू नये.

शस्त्रक्रिया न करण्याचे ठरले तर

हाही निर्णयच आहे आणि त्यालाही वेळापत्रक लागते. पांढरा टॉवेल दर आठवड्याला दोन दिवस अंथरावा, त्याच दिवशी वजन करावे, महिन्यातून एकदा स्तनांच्या जागा चाचपाव्यात, आणि दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी. रक्ताचा एक थेंब दिसला किंवा महिन्याभरात वजन दहा टक्क्यांनी उतरले तर काय करायचे, हे डॉक्टरांशी आजच बोलून लिहून ठेवावे, कारण तो दिवस आला की विचार करण्याइतके मन स्थिर राहत नाही. जाईनंतर आमच्याकडे आलेली बकुळ आठ वर्षांची होती आणि तिची मूत्रपिंडे थकलेली होती. तिच्यासाठी आम्ही हाच मार्ग घेतला. तिच्या वजनाची वही फ्रिजवर असते, आणि रविवारी सकाळी टॉवेल आधी आई पाहते, मग मी.